ब्रेकचं काम घरी केलं आणि चाकातून खर्र खर्र यायला लागलं, आता काय?

पॅड बदलले, चाक लावलं, जॅक उतरवला, हात धुतले, घरी सांगून पण झालं की बघ गॅरेजचे पैसे वाचवले, आणि गाडी बेसमेंटमधून बाहेर काढताना रॅम्पवरच पुढच्या डाव्या चाकातून श्श्क... श्श्क... श्श्क. ज्याच्याबरोबर हे झालंय त्यालाच माहितीये तेव्हा पोटात काय होतं ते.

माझं दोन महिन्यांपूर्वी झालं. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, गाडी नऊ वर्षं जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांसारखीच. पुढच्या दोन्ही डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) आणि त्यांना दाबणारे पॅड नवे टाकले आणि डावीकडचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) पण बदलला, कारण चाक निघालंच आहे तर करून टाकू म्हटलं (हे वाक्य ज्याने शोधलं त्याला दंडवत, माझे अर्धे रविवार यातच गेलेत). आवाज आल्यावर मी ठरवूनच टाकलं की कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम झालाय. तीनदा कॅलिपर खोलला, सील किट मागवली, आणि शेवटी निघालं काय, तर डिस्कच्या मागचा पत्रा वाकलेला. हाताने सरळ केला, पाच मिनिटं लागली. म्हणून हे सगळं लिहितोय, म्हणजे तुम्ही सील किट मागवायच्या आधी पाच मिनिटांचं काम बघून घ्याल.

तर पहिली गोष्ट, लगेच परत खोलू नका. आधी फक्त आठवा की कशाकशाला हात लावला होता, आणि खरंच कागदावर लिहा, कारण डोकं आपलं सोयीचंच आठवतं. गाडी काल आवाज करत नव्हती आणि आज करतेय तर मधल्या काळात जे खोललं, ठोकलं, लटकवलं, सरकवलं त्यातच चोर आहे, दहातल्या नऊ वेळा तरी. मी लोअर आर्मच्या टोकाचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, काढायला नकलवर (चाक ज्यावर बसतं त्या जाड लोखंडी भागावर) हातोडी मारली होती आणि तो पत्रा त्याच नकलला बसलेला असतो. हे मी लिहून काढलं असतं तर तिथेच कळलं असतं.

दुसरं, हा आवाज नॉर्मल तर नाही ना? नवीन पॅड आणि नवीन डिस्क सुरुवातीला थोडी सिस्स करतातच. पावसात गाडी रात्रभर उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज चढतो, आपल्या खाडीच्या दमट हवेत तर एका रात्रीत चढतो, तो पहिल्या पाच-सात ब्रेकमध्ये पुसला जातो आणि तोपर्यंत खरखर येते. याच्यासाठी काही खोलायचं नाही. आणि चाक उचलून हाताने फिरवलं की हलकं घासल्यासारखं वाटणं पण नॉर्मल आहे, कारण डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढणारी मोठी स्प्रिंग सहसा नसते. कॅलिपरमधल्या पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या भोवती जी रबरी सील असते तीच पेडल सोडल्यावर पिस्टनला केसभर मागे खेचते, तेवढंच. त्यामुळे पुढचं चाक सायकलसारखं गरगर फिरावं ही अपेक्षा ठेवू नका, त्याच्यासोबत ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्सचं पण थोडं ओझं फिरत असतं. एका हाताने आरामात फिरलं, बारीक स्स आवाज आला, ठीक आहे. दोन हात लावून जोर काढावा लागला तर नाही.

आता आवाज ऐकायचा. हे काम लोक करतच नाहीत आणि अर्धं निदान इथेच होतं. बेसमेंट यासाठी बेस्ट, सगळा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. बेसमेंट नसेल तर कुठल्याही कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने, भिंतीकडची काच खाली करून, एसी आणि गाणी बंद, १०च्या स्पीडने जायचं, मग वळून दुसरी बाजू भिंतीकडे करून तसंच. ज्या बाजूला आवाज मोठा ती बाजू. पुढे की मागे हे मात्र आत बसून कळत नाही, छोट्या गाडीत आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो. मी भाच्याला बाजूने चालायला लावलं होतं, चाकापासून चार हात लांब, तो म्हणाला "मामा, पुढूनच येतंय, आणि सारखं नाही, थांबून थांबून येतंय." वॉचमन काका बाजूला उभे, ते म्हणाले "साहेब, बेअरिंग गेली." वॉचमन काकांच्या मते कुठल्याही गाडीत नेहमी बेअरिंगच जाते.

थांबून थांबून हे महत्त्वाचं. आपल्या छोट्या गाडीचं चाक एका फेरीत साधारण १.८ मीटर जातं, म्हणजे १०च्या स्पीडला सेकंदाला दीड फेरी. आवाज त्याच तालात येत असेल, श्श्क श्श्क, आणि स्पीड वाढवल्यावर ताल पण वाढत असेल, तर काहीतरी दर फेरीला एकदा लागतंय: डिस्क सरळ बसलेली नाही, किंवा पत्रा इतका जवळ आलाय की डिस्कचा थोडा बाहेर आलेला भागच त्याला शिवतोय. आवाज अखंड असेल, खर्रर्रर्र, तर पत्रा चांगलाच टेकलाय किंवा मध्ये खडा अडकलाय किंवा पॅड सुटत नाहीये.

मग त्याच स्पीडला ब्रेक अगदी हलका दाबा, गाडी थांबवायची नाही, नुसता पाय ठेवायचा. आवाज गायब झाला तर पॅड ढिला हलतोय किंवा त्याची क्लिप नीट नाही. काहीच फरक नाही पडला तर पॅडचा संबंध कमी, पत्र्याकडे जा. आवाज वाढला तर डिस्क आणि पॅडमध्येच काहीतरी आहे. नंतर मोकळ्या रस्त्यावर ३०-४०ला स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे करा, जमिनीतून आल्यासारखी घूं घूं एका बाजूला वळताना वाढत असेल आणि दुसऱ्या बाजूला कमी होत असेल तर मात्र काकांचं खरं, बेअरिंग बघावी लागेल. आणि फक्त पूर्ण स्टिअरिंग कापल्यावरच घासत असेल तर ब्रेक सोडा, मडगार्डच्या आतलं काळं प्लास्टिक लावायचं राहिलंय किंवा ब्रेकचा पाइप टायरला लागतोय. पाइप लागत असेल तर गाडी हलवूच नका, तो झिजून फुटला तर ब्रेकच जाईल.

आता उष्णता. आठ-दहा मिनिटं चालवून या, ब्रेक कमीत कमी वापरून, शेवटी शक्यतो गाडी आपोआप हळू होऊ द्या. उतरून दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या, डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल, नुसती धग बघायची. दोन्हीकडे सारखी असेल तर पॅड अडकलेला असण्याची शक्यता फार कमी. एका बाजूला धग, जळका वास, गाडी त्या बाजूला ओढतेय, मायलेज पडलंय, तर पॅड नक्की सुटत नाहीये. कोविडमध्ये घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर याला चालत नाही, मी करून बघितलंय, ते माणसाच्या तापाच्या पुढे गेलं की थेट 'हाय' दाखवून गप्प बसतं. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतून थंड करायचं नाही, वाकडी व्हायची.

माझ्याकडे दोन्ही चाकं सारखीच कोमट होती. तरी मी कॅलिपर खोलला. हे लिहिताना पण लाज वाटतेय.

आता खोलायची वेळ. सपाट जागा, रॅम्पवर नाही. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा किंवा लाकडी ठोकळे लावा, नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग जॅक, मग स्टँड (गाडी टेकवायचा लोखंडी पाया). गाडीसोबत आलेल्या जॅकच्या भरवशावर गाडीच्या खाली हात डोकं काही घालायचं नाही, स्टँड नसेल तर आजचं काम रद्द. काढलेलं चाक चॅसिसखाली आडवं सरकवून ठेवायची सवय चांगली. गिअर न्यूट्रल, नाहीतर पुढचं चाक फिरणार नाही आणि तुम्हाला वाटेल ब्रेकच जाम आहे.

चाक काढायच्या आधीच ते फिरवून बघा. आणि वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ वर हात. खटखट लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग चाक काढा आणि आता एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात: बऱ्याच गाड्यांत चाक काढल्यावर डिस्कला धरायला काही उरत नाही, ती हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर) ढिली होऊन तिरकी होते, मग ती फिरवून तुम्ही जे बघाल ते सगळं खोटं. समोरासमोरचे दोन-तीन नट उलटे करून, सपाट बाजू आत, गरज पडली तर वॉशर टाकून, डिस्क हबवर पक्की दाबून घ्या. मग फिरवा.

पत्रा बघा सगळ्यात आधी. डिस्कच्या मागे जो पातळ पत्रा असतो, चिखल पाणी उडू नये म्हणून, तो इतका पातळ असतो की अंगठ्याने पण वाकतो, कॅलिपर काढताना कोपर लागलं तरी वाकतो. मागून टॉर्च मारा आणि पुढून बघा, डिस्क आणि पत्र्याच्या मधून प्रकाशाची सारखी रेघ दिसली पाहिजे. जिथे टेकतोय तिथे डिस्कच्या मागच्या कडेला किंवा पत्र्यावर चमकती ओरखड्याची रेषा दिसेल, ताजी, चांदीसारखी. माझ्या पत्र्यावर बरोबर हातोडीच्या तोंडाएवढा खड्डा होता आणि त्याच्या पाठीमागे दोन बोटं लांबीची अशी रेषा. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, घरात एक तरी पडलेली असतेच, आणि त्या फटीतून सगळीकडे फिरवा, अडकला तिथे पत्रा बाहेर ओढा. २-३ मिलिमीटर फट सगळीकडे पाहिजे. हाताने नाही झालं तर चपटा स्क्रूड्रायव्हर, पण डिस्कच्या घासायच्या भागावर टेकवून जोर लावायचा नाही.

खडा असेल तर तो पण इथेच सापडेल. मेट्रो ४ च्या कामापासून घोडबंदरला खडी आणि वाळू कायम रस्त्यावर, चाक काढलेलं नसताना पण खडा जाऊन बसतो. तुम्ही काहीच काम केलेलं नाही आणि अचानक भयानक किंचाळी आली, तर बहुतेक हाच. गाडी मोकळ्या जागेत थोडी रिव्हर्स घ्या, कधी कधी तेवढ्याने पडतो.

पत्रा सरळ केल्यावर माझा मोठा आवाज गेला आणि मग कळलं त्याच्या मागे एक छोटा आवाज लपलेला होता, दर फेरीला एकदा, अगदी हलका श्क. हा दुसरा प्रकार जास्त शिकवणारा आहे. नवी डिस्क टाकताना जुनी काढली की हबचा चेहरा दिसतो, त्यावर गंजाचे पापुद्रे असतात, आणि आपण ते नुसतं कपड्याने पुसून नवी डिस्क बसवतो. आता हिशेब करा. हबचा व्यास १४ सेंटीमीटर धरला आणि डिस्कचा २४, तर हबच्या कडेला कागदाच्या जाडीचा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा एक कण राहिला की डिस्कच्या कडेला ते ०.१७ होतं. आणि बऱ्याच गाड्यांत डिस्क डुलण्याची परवानगी ०.१ किंवा त्याहून कमी असते. म्हणजे एक पापुद्रा राहिला तरी काम बिघडलं. आज नुसता आवाज येईल, पण काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी कमीजास्त झिजून ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरायला लागेल आणि तुम्ही म्हणाल डिस्कच खराब क्वालिटीची होती.

डायल गेज (केसभर हालचाल मोजणारं घड्याळ) असेल तर उत्तम, मॅग्नेटिक बेसवाला, त्याचं टोक डिस्कच्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत टेकवा आणि एक फेरी फिरवा. नसेल तर खडू. हात स्ट्रटला (शॉक-अब्सॉर्बरच्या दांड्याला) टेकवून घट्ट धरा आणि खडूचं टोक हळूहळू फिरत्या डिस्कजवळ न्या, सगळीकडे सारखी रेघ उमटली तर बरं, फक्त एका भागात उमटली तर तो उंच भाग. मग त्या भागाला आणि समोरच्या स्टडला (नट ज्यावर बसतो त्या हबच्या बोल्टला) खूण करा, डिस्क काढा, एक भोक पुढे सरकवून परत लावा, परत खडू. उंच भाग डिस्कसोबत सरकला तर डिस्क वाकडी, दुकानदाराशी भांडायला जा. उंच भाग त्याच स्टडसमोर राहिला तर हब, म्हणजे तुमचीच चूक. (काही गाड्यांत डिस्कला एक छोटा स्क्रू असतो, त्या एकाच जागी बसतात, तिथे ही आयडिया चालत नाही.) माझा त्याच स्टडसमोर राहिला. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हब चकचकीत केला, स्टडच्या मुळाशी जो गंज गोल साचलेला असतो तो मुद्दाम खरवडला, तिथेच सगळ्यात जास्त राहतो, आणि डिस्कची आतली बाजू पण पुसली. तिथे ग्रीस थापायचं नाही, स्वच्छ धातूवर धातू बसला पाहिजे.

नवी डिस्क असेल तर कॅलिपरच्या ब्रॅकेटला (कॅलिपर आणि पॅड ज्यात बसतात त्या चौकटीला) कुठे लागत नाही ना तेही बघा. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे आणि व्हेरिएंटप्रमाणे डिस्कचे साइज वेगळे असू शकतात. "याच गाडीची आहे साहेब" यावर विश्वास न ठेवता चॅसिस नंबर सांगून पार्ट घ्या.

एवढं सगळं ठीक असून एक चाक गरम होत असेल तर मग कॅलिपर, आणि इथे पण क्रम आहे. पॅड ब्रॅकेटमध्ये बोटाने ढकलून सरकतो का बघा. नव्या पॅडच्या कानांवर (दोन्ही बाजूंच्या टोकांवर) कधी कधी रंगाचा थर जाड असतो किंवा क्लिपच्या खाली गंज साचून जागा आवळते, मग पॅड अडकतो. गंज ब्रॅकेटवरचा काढा. आतला पॅड आणि बाहेरचा पॅड उलटसुलट लागला नाही ना, किरकिर करणारी झीज दाखवायची पत्ती डिस्कला टेकत नाहीये ना. मग गाइड पिन, कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या दोन. हाताने आत-बाहेर सरकल्या पाहिजेत. बऱ्याच गाड्यांत एका पिनच्या टोकाला रबरी बुश असतो आणि दुसऱ्याला नसतो, त्या अदलाबदल झाल्या की एक जाम. ग्रीस ठासून भरलं तरी आतली हवा दबून पिन परत बाहेर येते, पातळ थर पुरे. आणि ग्रीस ब्रेकसाठीचंच, सिलिकॉनवालं किंवा तसं स्पष्ट लिहिलेलं. साध्या पिवळ्या ग्रीसने आणि इंजिन ऑइलने ब्रेकचं रबर फुगतं, मग जाम झालेलं आयुष्यभर सुटत नाही.

पिन, पॅड ठीक आणि तरी चाक जाम? मग पिस्टन नाहीतर पाइप. दुसऱ्याला ब्रेक दोनदा जोरात मारून सोडायला सांगा, चाक फिरवा, जाम असताना कॅलिपरचं ब्लीडर निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) एक क्षण ढिलं करा. ऑइल चिळकन उडून चाक मोकळं झालं तर आत प्रेशर अडकलेलं होतं, म्हणजे ब्रेकचा रबरी पाइप आतून सुजलाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलमागे ऑइल ढकलणारा) प्रेशर सोडत नाहीये. पाइप आतून बिघडायचं एक कारण म्हणजे कॅलिपर काढून तसाच पाइपवर लोंबकळत ठेवणं. हँगरची तार वाकवून स्प्रिंगला टांगायला काय जातं? कॅलिपर परत बसवताना उलटा फिरून पाइपला पीळ पडतो, तो पण बघा. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट तर पिस्टन नाहीतर पॅड. पण हे करायचं तर ब्रेक ब्लीड करता, म्हणजे ऑइलमधली हवा काढता आली पाहिजे, हवा शिरली की पेडल स्पंजसारखं होतं. येत नसेल तर इथे थांबा आणि मेकॅनिकला घरी बोलवा. उडालेलं ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

तेल गळतंय, पेडल खाली जातंय, चाक जाम आहे किंवा बेअरिंगला खटखट आहे, यातलं एक जरी असेल तर गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, गायमुखच्या उतारावर तर अजिबात नाही. टोइंगवाला बोलवा, महाग वाटला तरी.

सगळं बसवल्यावर गाडी सुरू करून आधी पेडल चार-पाच वेळा दाबा, पिस्टन मागे ढकललेला असतो त्यामुळे पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि बेसमेंटमध्ये समोर खांब असतो. मग रविवारी पहाटे मोकळा रस्ता बघून ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये थोडं अंतर ठेवून, पूर्ण थांबायचं नाही, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखतात. नट मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला), चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून समोरचा, आणि ५०-१०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा. मी ते परत तपासायला गेलो तेव्हा भाचा पुन्हा बाजूने चालला, म्हणाला "मामा, आता काहीच येत नाहीये," आणि वॉचमन काका म्हणाले, "तरी एकदा बेअरिंग बघून घ्या."